लहान लेकरं आणि मोबाईल: आयांनी मला विचारलेले प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वजन घ्यायच्या दिवशी, लसीकरणाला किंवा गृहभेटीला आया भेटतात, तेव्हा खाण्यापिण्याच्या गोष्टी होतात आणि मग हमखास मोबाईलचा विषय निघतो. मी या कामाला लागले तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली, आणि ज्या घरात बटणांचा एकच फोन होता तिथं टचचा आला. तो आता दीड वर्षाच्या लेकराच्या हातातही दिसतो.

इथं फक्त सहा वर्षांखालच्या लेकरांबद्दल लिहिलं आहे. प्रश्न जसे विचारले गेले तसेच, आपल्या बोलीत ठेवले आहेत.

किती वेळ मोबाईल देल्ला तं चालते?

दोन वर्षांपर्यंत अजिबात नको. दूर असलेल्या बापाशी, मामाशी, आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणं तेवढं चालतं. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसभरात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस जवळ बसलेलं असताना. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलं त्यातही तासाचीच मर्यादा आहे, आणि त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं असं म्हटलं आहे.

हा एक तास सगळ्या दिवसाचा आहे, टीव्ही आणि मोबाईल मिळून. एका ताईंनी तो एका बैठकीचा समजला होता, म्हणून मुद्दाम सांगते.

पण नुसता तास सांगून काही होत नाही, हे मला गृहभेटींतून कळलं. आया म्हणतात, "थोडाच वेळ देतो." खोटं बोलत नाहीत त्या, पण कामाच्या धबडग्यात वेळ कोण मोजणार? म्हणून मी एक काम सांगते. एक दिवस, लेकराच्या हाती मोबाईल दिला की चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. रात्री बघायचं रेघा कधी कधी पडल्या. बहुतेक घरी त्या ठरल्या वेळी पडतात: सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी, जेवताना, दुपारी, दिवेलागणीला आणि निजवताना. या सगळ्या वेळा अशा आहेत की आईचे हात गुंतलेले असतात आणि लेकराला घेणारं दुसरं कुणी जवळ नसतं. पूर्वी तिथं आजी असायची, काकू असायची, नाहीतर शेजारची एखादी पोर कडेवर घेऊन फिरायची. त्या माणसाचं काम आता मोबाईल करतो आहे. म्हणून आईला बोल लावून मोबाईल सुटत नाही. त्या वेळी लेकराजवळ कोण राहील हे घरानं बसून ठरवावं लागतं. पुढची बरीच उत्तरं याच गोष्टीवर येतात.

टीव्ही त्याच्यात मोजाचा का?

हो. लेकरू बघत नसलं, नुसता चालू असला तरी त्याचा परिणाम होतो. टीव्ही सुरू असला की घरातली मोठी माणसं लेकराशी कमी बोलतात, आणि लेकरू खेळता खेळता दर थोड्या वेळानं मान वर करतं, खेळ तुटतो. कुणी बघत नसेल तेव्हा बंद ठेवा.

तरी दोघांतून एक निवडायचं झालं तर मी टीव्ही निवडीन. तो लांब असतो, सगळे मिळून बघतात, "तो बघ हत्ती, केवढा!" असं बोलता येतं, आणि कार्यक्रम कधीतरी संपतो. मोबाईलमध्ये एक संपलं की दुसरं आपोआप लागतं.

मोबाईल पाह्यल्याशिवाय घासच घेत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो.

मोबाईल बघताना लेकरू तोंड उघडतं, पण आपण काय खातो आहे, पोट भरलं का, याकडे त्याचं लक्ष नसतं. भूक आणि पोट भरणं ओळखायला लेकरू या वयात शिकतं, आणि ते शिकणं राहून जातं. नीट न चावता गिळतं, त्यामुळे ठसका लागायची भीती असते. काही लेकरं या सवयीनं जास्त खातात, काही घास गालात धरून बसतात.

आई असं का करते हेही मला ठाऊक आहे. अंगणवाडीत वजन भरलं नाही की मी सांगते, "ताई, वजन कमी आहे, दोन घास जास्त द्या." ती घरी जाते आणि ते दोन घास जावेत म्हणून मोबाईल लावते. आमच्या सांगण्याचाही यात वाटा आहे, हे मी मान्य करते.

आता करायचं काय? तिन्ही वेळचा मोबाईल एकदम काढू नका. ज्या जेवणाला तुम्हाला जरा सवड असते ते एक जेवण धरा. त्याच्या आधी दीड-दोन तास बिस्किटाचा, चिप्सचा पुडा देऊ नका, भूक लागू द्या. लेकराची वेगळी ताटली काढा, वरण-भात कालवून समोर ठेवा आणि त्याला हातानं खाऊ द्या. अर्धं अंगावर सांडेल, अर्धं कोंबड्या खातील. सांडू द्या. घरातलं आणखी कुणी त्याच वेळी जेवायला बसलं तर फार फरक पडतो, कारण लेकरं बघून खातात. अर्ध्या तासात जेवढं गेलं तेवढं गेलं, ताटली उचला, मागे मागे फिरून भरवू नका.

पहिले तीन-चार दिवस कमी खाईल आणि तुमचा जीव खालीवर होईल. निरोगी लेकरू दोन दिवस कमी जेवलं तरी भूक लागल्यावर ते भरून काढतं. मात्र तुमच्या लेकराचं वजन आधीच फार कमी असेल, कुपोषित म्हणून त्याची नोंद झाली असेल, किंवा आजारातून नुकतं उठलं असेल, तर हे मनानं करू नका. आधी सेविकेशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला.

स्वयंपाक कराच्या वेळेस चुलीपाशी येते. मोबाईल नाही देल्ला तं भाजन, त्याचं काय?

ही भीती खरी आहे. उकळतं वरण आणि दीड वर्षाचं लेकरू एका खोलीत असताना मोबाईल देणाऱ्या आईला मी कधी रागावले नाही.

एका घरात निघालेला उपाय सांगते. त्यांनी चुलीपासून चार-पाच हात लांब, पण आई दिसेल अशा जागी जुनं लुगडं अंथरलं. त्यावर एक टोपली ठेवली. ही टोपली फक्त स्वयंपाकाच्या वेळी निघते, एरवी वर ठेवलेली असते. आत पळी, झाकण असलेले दोन डबे, गंजातली (पातेल्यातली) वाटी, मक्याचं कणीस, कापडाचे तुकडे. दर दोन-तीन दिवसांनी आतल्या वस्तू बदलायच्या. रोज समोर असलेल्या वस्तूत लेकराचा जीव रमत नाही, चार दिवसांनी दिसलेली तीच पळी नवी वाटते. तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला लसूण सोलायला, तुरीच्या शेंगा फोडायला, मेथी निवडायला बसवता येतं. काम वाकडंतिकडं होईल, पण तेवढा वेळ ते तुमच्याशी बोलत बसेल. दाणे, चिंचोके, गोट्या मात्र तीन वर्षांखाली देऊ नका, नाकात-घशात जातात.

आणि हे भावांना सांगते: दिवेलागणीला तुम्ही पारावर किंवा टपरीवर असता. त्यातला अर्धा तास लेकराला घेऊन गोठ्यात जा, ढोरांना पाणी दाखवा. आईची पोळी तेवढ्यात होते.

कापूस वेचाले लेकरू सोबत न्या लागते. धुऱ्यावर मोबाईल घेऊनच बसते.

वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. लेकरू दर दहा मिनिटांनी आलं तर आईची मजुरी बुडते. इथं "मोबाईल देऊच नका" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तीन वर्षांच्या वरचं लेकरू असेल तर तो वेळ अंगणवाडीत आणा. आपल्याकडं खेळ आहे, गरम आहार आहे, बरोबरीची पोरं आहेत. त्याहून लहान असेल तर एकाच वावरात जाणाऱ्या बायांनी मिळून एखाद्या म्हाताऱ्या आजीला सोबत न्यावं, तिला सगळ्यांनी थोडं थोडं द्यावं. आमच्या गावात एका टोळीनं हे एक हंगाम केलं. आजीला चार पैसे मिळाले, पाच लेकरं निंबाखाली खेळली. दुसऱ्या वर्षी आजीचे गुडघे धरले आणि ते राहून गेलं, पण केलेलं चाललं होतं.

एक सोडून चालणार नाही. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत लेकरू खेळू देऊ नका. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यापेक्षा धुऱ्यावर मोबाईल घेऊन बसलेलं बरं.

दोन वर्षाचं झालं, बोलतच नाही. मोबाईलनं झालं का?

नुसत्या मोबाईलनं झालं असं लगेच ठरवू नका. ऐकायला कमी येत असेल तरी लेकरू बोलत नाही, आणि ते आधी तपासायला हवं.

पण मोबाईलचा बोलण्याशी संबंध आहे. लेकरू भाषा शिकतं ती देवघेवीतून. ते "बा" म्हणालं की तुम्ही "बाबा? बाबा वावरात गेले" म्हणता, ते तुमच्या तोंडाकडं बघतं, पुन्हा काहीतरी म्हणतं. मोबाईलमधलं गाणं लेकरानं "बा" म्हटलं म्हणून थांबत नाही. दोन-अडीच वर्षांपर्यंतची लेकरं पडद्यावर बघितलेलं फारसं उचलत नाहीत, तेच समोरच्या माणसाकडून पटकन शिकतात. शिवाय मोबाईलचे दोन तास म्हणजे घरातल्यांशी बोलण्यातून गेलेले दोन तास.

साधारण खुणा अशा: वर्षाचं लेकरू नावानं हाक मारली की बघतं, टाटा करतं. दीड वर्षाला काही शब्द येतात, हवं त्याकडं बोट दाखवतं. दोन वर्षांना दोन शब्द जोडतं, "माय पाणी", "बाबा गेला". यातलं काही होत नसेल, किंवा बोलत होतं आणि थांबलं असेल, तर वाट पाहू नका. "त्याचा बापही उशिराच बोलला" हे घरात प्रत्येक म्हातारं माणूस सांगतं, आणि त्यात वर्ष निघून जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना दाखवा, किंवा पथक यायचं असेल तर न थांबता आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात, आणि या कार्यक्रमातली तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात.

मोबाईल पाहून ऑटिझम होते म्हणतात, खरं काय?

मोबाईलवर "व्हर्च्युअल ऑटिझम" नावाचे व्हिडिओ फिरतात, ते बघून आया घाबरून येतात. ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. मोबाईल दाखवल्यानं ती तयार होत नाही. दिवसातले बरेच तास पडद्यापुढं बसणारं लेकरू हाकेला ओ देईनासं होतं, बोलत नाही, नजर देत नाही, म्हणून ते तसं वाटू शकतं. मोबाईल बंद केल्यावर अशी काही लेकरं महिन्या-दोन महिन्यांत खुलतात. पण "मोबाईल बंद करून बघू, मग दाखवू" असं करू नका, दोन्ही एकदमच करा. ऑटिझम असेल तर जितक्या लवकर मदत सुरू होते तितकं लेकराचं भलं होतं. आणि तसं निघालं तर आईनं स्वतःला दोष देऊ नये, तिच्या हातून ते झालेलं नसतं.

डोळे खराब होतात का?

जवळून बघत राहण्यानं आणि उजेडात बाहेर न खेळण्यानं लांबचं दिसेनासं होण्याची, चष्मा लागण्याची शक्यता वाढते. दिवसातून दोनेक तास मोकळ्या उजेडात खेळणं डोळ्यांना चांगलं, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. आपल्या खेड्यात अंगण आहे, ही मोठी गोष्ट आहे. लेकरू टीव्हीच्या अगदी पुढं जाऊन बसत असेल, डोळे बारीक करून किंवा मान तिरपी करून बघत असेल, तर डोळे तपासून घ्या.

रात्री मोबाईल पाहतच झोपते. नाही तं निजतच नाही.

तीन-चार वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, एक-दोन वर्षांच्याला अकरा ते चौदा. अंधारात पडद्याचा उजेड डोळ्यांत गेला की झोप आणणारं द्रव्य शरीरात उशिरा तयार होतं, आणि चित्रं भराभर पळत असली की मेंदू जागाच राहतो. लेकरू थकून पडतं, आपल्याला वाटतं मोबाईलनं झोप लागली.

निजायच्या एक तास आधी मोबाईल बंद, आणि तो फक्त लेकरापुरता नाही. आई-बाप पलंगावर रील बघत असतील तर लेकरू झोपणार नाही. रोज त्याच क्रमानं करा: हातपाय धुणं, अंथरूण, दिवा बारीक, पाठीवर हात, गोष्ट. गोष्ट येत नाही म्हणणाऱ्या आयांना मी सांगते, दिवसभराचं सांगा. "सकाळी आपण उठलो. मग गाय हंबरली. मग तू काय खाल्लं?" लेकराला स्वतःची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि तीच ती रोज ऐकायला ते कंटाळत नाही.

लाईन गेली की अंधाराला भिऊन मोबाईल लावला जातो, त्यासाठी चार्जिंगचा छोटा दिवा घ्या. चार्जिंगला लावलेला मोबाईल मात्र लेकराच्या हाती कधीच देऊ नका.

उन्हाळ्यात काय करावं? बाहेर पाय ठेवाची सोय नाही.

एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, अकरा ते पाच लेकरू घरातच ठेवावं लागतं. शहरांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात "मुलांना बाहेर खेळायला पाठवा" असतं, ते आपल्या दुपारला उपयोगाचं नाही.

म्हणून उन्हाळ्यात दिवस उलटा करा. पहाटे साडेपाच-सहाला लेकरू उठलेलंच असतं, तेव्हा नऊपर्यंत बाहेर. संध्याकाळी सहानंतर पुन्हा अंगण. जागतिक आरोग्य संघटना एक ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसभरात तीन तास हालचाल सांगते, ती या दोन वेळांत होते. तीन तास म्हटलं की आया दचकतात, पण पळणं, चढणं, पाणी आणायला मागं येणं, सगळं त्यात धरायचं. ताडोबाच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी वाघ-बिबट्याची भीती असते, तिथं सकाळचीच वेळ वाढवावी लागेल.

दुपारी आधी झोप. उठल्यावर मोरीत परात ठेवून दोन तांबे पाणी द्या आणि जवळ बसा. परातभर पाण्यात लेकरू पाऊण तास रमतं, अंगही गार राहतं. एकटं सोडू नका, आणि झालं की पाणी ओतून द्या, कारण थोड्या पाण्यातही लहान लेकरू बुडू शकतं. ओली माती, पळसाच्या पानांची पत्रावळ, चिंध्यांची बाहुली, जमिनीवर खडूनं रेघोट्या. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल वर्षभर माळ्यावर पडून असतो, तो खाली काढा. त्याला जू बांधायचं, चारा द्यायचा, बंडीला जुंपायचं, एका बैलात किती दुपारी जातात!

रोजच्या एक तासाची सूट वापरायचीच असेल तर उन्हाळ्यात ती दुपारी चारला वापरा. तेव्हा सगळेच कंटाळलेले असतात.

माहं पोरगं हिंदीच बोलते. कार्टून पाहून.

आपल्याकडं हे फार आहे. "पानी दो ना", "मुझे नहीं चाहिए", आणि आजीला त्यातलं अर्धं कळत नाही. हिंदी येण्यात वाईट काही नाही, दोन-तीन भाषा लेकरू सहज पेलतं. काळजी यासाठी की ती हिंदी त्याला माणसांकडून आलेली नाही. आजीशी भांडायला, लाडात यायला, दुखतं-खुपतं सांगायला त्याच्याजवळ आपले शब्द राहत नाहीत. घरात गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या आयांना तर मी आवर्जून सांगते की आपल्या बोलीतच बोला, शाळेची मराठी मागाहून येते.

लेकरू हिंदीत बोललं तर रागावू नका, हसूही नका. "पाणी पाहिजे? घे पाणी" एवढंच म्हणा. आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या गाण्यांना त्याला घेऊन जा. तीन वर्षांच्या पोरीला गाण्यातलं सगळं कळत नाही, पण खिरापत ओळखायच्या वेळी ती चिवडा, पेढा, शेंगदाणे, जे सुचेल ते ओरडते. एवढे मराठी शब्द एका वेळी कार्टूनमधून येत नाहीत.

एबीसीडी, वन-टू सगळं मोबाईलवरच शिकलं. मग फायदाच झाला ना?

पाठ झालं, हे खरं. "पाच" म्हणता येणं आणि पाच बोरं मोजून देता येणं यात अंतर आहे. वन-टू शंभरपर्यंत म्हणणाऱ्या लेकरांना मी चार चिंचोके मागते, तेव्हा बरीच मूठभर देतात. तीन वर्षांच्या पुढं एखादं चांगलं गाणं, गोष्ट दाखवायला हरकत नाही, पण सोबत बसा आणि मोबाईल ठेवल्यावर त्यातलंच घरात शोधा. गाण्यात कावळा आला तर कवेलूवर कावळा बघायला जा.

दूध पाजताना मी मोबाईल पाह्यला तं काही होते का?

दुधाला काही होत नाही. पण दूध पिताना लेकरू तुमच्या चेहऱ्याकडं बघतं, तेवढ्या अंतरावरचंच त्याला सुरुवातीला नीट दिसतं. तुम्ही हसलात की ते हसतं, त्याची पहिली बोलाचाली ती. बाळंतिणीला दिवसातून दहा-बारा वेळा पाजावं लागतं, एकटीला कंटाळा येतो, माझं म्हणणं एवढंच की त्यातल्या निम्म्या वेळा तरी मोबाईल बाजूला ठेवा.

हिसकला तं आदळआपट करते, डोकं आपटते.

हिसकू नका. चालू गोष्ट मध्येच तुटली की मोठी माणसंही चिडतात. सुरू करायच्या आधीच सांगा, "एक गाणं, मग आपण कोंबडीला दाणे टाकू." गाणं संपलं की लेकरालाच बटण दाबू द्या, आणि लगेच दाणे टाकायला उठा. पुढचं काम हाताशी नसेल तर रडारड होणारच.

दिवसाला चार तासांची सवय असेल तर आधी एक वेळ पक्की काढा, जेवणाची किंवा झोपेची. आठ-दहा दिवस ती सांभाळा, मग दुसरी. रडलं म्हणून एकदा दिला, की पुढच्या वेळी ते त्याहून जास्त रडतं, कारण रडल्यानं मिळतं हे त्याला कळलेलं असतं. जवळ बसा, लागणार नाही एवढं बघा, कमी बोला. पहिला आठवडा कठीण जातो. मारू नका.

मी नाही देत, पण मामंजी देतात. काय बोलाव?

सुनेनं सासऱ्याला बोलणं कठीण, म्हणून हे नवऱ्यानं बोलावं. पण आजोबा मोबाईल का देतात तेही बघा. त्यांच्यानं आता नातवामागं पळवत नाही. त्यांना बसून करता येईल असं काम द्या: दोरी वळणं, भोवरा फिरवून दाखवणं, बैलांची नावं सांगणं. आमच्या गावात एक आजोबा नातवाला रोज एसटीच्या थांब्यावर नेतात. आलेली गाडी बघतात, दोघं परत येतात.

मोबाईलमंदी काही बंद कराची सोय आहे का?

आहे. यूट्यूबमध्ये आपोआप पुढचा व्हिडिओ लागणारं "ऑटोप्ले" बंद करा. लेकरासाठी "यूट्यूब किड्स" हे वेगळं ॲप आहे, त्यात वेळ लावता येते, वेळ संपली की ते बंद होतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या "डिजिटल वेलबीइंग"मध्ये कुठलं ॲप किती वेळ चाललं ते दिसतं, मर्यादाही घालता येते. शॉर्ट आणि रील लहान लेकराला नकोच. काही सेकंदांत चित्र बदलतं, आणि पुढं काय येईल ते कुणाच्या हातात नसतं.

पैशाच्या ॲपला आणि फोनला कुलूप लावा, आणि त्याचा आकडा लेकरासमोर दाबू नका. खात्यातून फसवणुकीनं पैसे गेले असं दिसलं तर उशीर न करता १९३० वर फोन करा. टीव्हीच्या किंवा खेळण्याच्या रिमोटमध्ये गोल बटणासारखा सेल असेल तर त्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघा. तो गिळला तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

गावानं मिळून काही करता येते का?

येतं. आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली.

मला दुसरा मार्ग जास्त पटतो. बंदी लेकरांवर घातली की मोठी माणसं मोकळी राहतात, आणि भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. आपल्याकडं ठरवायचं झालं तर चुलीच्या वेळेचा एक तास धरावा, सहा ते सात. त्या तासात एका आळीतली लेकरं एका अंगणात, आणि पाळीनं दोन मोठी माणसं तिथं. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला तर पहिल्या पाच-सहा घरांपासून सुरू होईल. ठरावाची वाट बघायची गरज नाही.

बाबा मिरची तोडाले तेलंगणात गेले. व्हिडिओ कॉल पण बंद करू का?

नका करू. तान्ह्या लेकरालाही तो चालतो, कारण पलीकडं त्याचं स्वतःचं माणूस आहे आणि ते उत्तर देतं. फक्त फोन लेकराच्या हातात देऊन स्वयंपाकाला जाऊ नका. मांडीवर घ्या, फोन हातभर लांब धरा, आणि मध्ये बोलत राहा: "बाबा विचारतात, दात कुठं आहे? दाखव." बाबांनाही सांगा की नुसतं "काय करतं रे पोट्ट्या" म्हणून थांबू नका, काहीतरी दाखवा, मिरचीचा ढीग, आपली चप्पल, चुलीवरचं गंज. पाच-सात मिनिटं पुरतात. फोन ठेवताना "आता बाबा कामाला चालले, उद्या बोलू" असं रोज तेच वाक्य म्हणा आणि लेकराला हात हलवू द्या. सुरुवातीला ते फोनच्या मागं बाबा शोधेल, रडेल. तेव्हा बाबांचा सदरा नाहीतर दुपट्टा हातात द्या आणि थोडा वेळ कडेवर घेऊन अंगणात फिरा.